आधी तिथी, मग तिकीट: समुद्रकिनाऱ्याची सुट्टी कशी आखावी

समुद्रावर जायचं ठरलं की बहुतेक घरांतून पहिला फोन हॉटेलला जातो. आमच्याकडे आधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरतं. नवरा रजेच्या तारखा सांगतो, मुलं परीक्षांच्या, आणि त्यांत अमावास्या-पौर्णिमा कुठे पडतात ते मी बघते. सासूबाईंना सुरुवातीला वाटायचं, सून फारच देवभोळी निघाली. तसं काही नाही. किनाऱ्यावर काय दिसणार, पाण्यात कधी उतरायचं, खडकांवरून कधी माघारी फिरायचं हे बरंचसं चंद्र ठरवतो. हॉटेल त्यानंतर. तिथेही माझा पहिला प्रश्न खोलीतून समुद्र दिसतो का हा नसतो. पहाटे पाचला फाटक उघडून बाहेर सोडाल का, हा असतो.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. एका भरतीपासून पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणजे वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. आज सातला ओहोटी असेल तर उद्या आठच्या जरा आधी. अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे एक-दोन दिवस उधाण असतं: भरती खूप वर चढते आणि ओहोटीचं पाणीही खूप खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, पाणी वरखाली फार होत नाही. खडकांतले प्राणी बघायचे तर उधाणाची ओहोटी गाठावी. बरोबर लहान मुलं असतील आणि त्यांना नुसतं डुंबायचं असेल, तर भांगाचे दिवस बरे.

यातली एक गोष्ट फार उपयोगाची आहे आणि ती सहसा कुणी सांगत नाही. एखाद्या किनाऱ्यावर अमावास्येला भरती किती वाजता येते हे एकदा कळलं, की ते जवळजवळ कायमचं कळतं, कारण प्रत्येक अमावास्येला आणि पौर्णिमेला ती त्याच सुमारास येते. समजा दुपारी बाराला येते. मग त्या दिवसांतली ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास, म्हणजे त्या किनाऱ्यावरची सगळ्यांत खोल ओहोटी नेहमी उन्हं उतरलेली असतानाच मिळणार. दुसऱ्या एखाद्या किनाऱ्यावर ती ऐन दुपारी असते. खडक तापलेले, डोळ्यांवर तिरीप, प्राणी सावलीत दडलेले. दोन गावांपैकी एक निवडायचं असेल तर मी या एका मुद्द्यावर निवडते.

किनाऱ्याकिनाऱ्यात फरकही प्रचंड. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाणी १६ मीटरपर्यंत वरखाली होतं. भूमध्य समुद्राच्या बऱ्याच किनाऱ्यांवर अर्धा मीटरही होत नाही. तिथे ओहोटीची वाट बघत बसू नका, सरळ चष्मा आणि स्नॉर्केल लावून पाण्यात डोकं घाला. मेक्सिकोच्या आखातात तर काही ठिकाणी दिवसाला एकच भरती असते.

भरतीचं वेळापत्रक वाचताना दोन गोष्टी तपासा. त्यातली उंची एका ठरावीक पातळीपासून मोजलेली असते, ती तुमच्या पायाखालची खोली नव्हे. आणि जिथे उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात, तिथे तो तास धरलाय की नाही ते बघा. शिवाय तक्त्याला हवा कळत नाही. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने घटला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येतं, म्हणजे वादळी दिवसात तक्त्यातल्या आकड्यापेक्षा पाणी जास्तच चढणार हे धरून चाला.

चढणीचा वेगही सारखा नसतो. सहा तासांचा हिशेब कोळी-नाविक बारा भागांत करतात: पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं. पहिला तास फसवा असतो, पाणी जागचं हललंच नाही असं वाटतं. सपाट किनाऱ्यावर तर ते समोरून न येता ओघळींतून मागे भरतं आणि तुमचं बेट करून टाकतं. इंग्लंडच्या मोरकंब खाडीत ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपल्या गोळा करणारे किमान २१ मजूर असेच अडकून बुडाले.

खडकांतली डबकी

ओहोटीच्या वेळेआधी दीड तास पोहोचा. पाणी खाली सरकेल तसं त्याच्या मागोमाग खाली जा, आणि तक्त्यातली वेळ झाली की वळा. ‘अजून पाच मिनिटं’ हा सौदा समुद्राशी करायचा नाही. पायात पट्ट्यांच्या चपला नकोत. जुने, तळ न झिजलेले बूट भिजवायची तयारी ठेवा. हिरवं शेवाळ निसरडं असतं, काळपट चकचकीत त्याहून निसरडं. पाय ठेवायचा तो खरखरीत, पांढऱ्या कवचांनी भरलेल्या खडकावर, आणि तोही कवचं चुकवत.

मग एक डबकं निवडा. एकच. लोक या डबक्यातून त्या डबक्यात उड्या मारत जातात आणि ‘काही नाहीये इथे’ म्हणत परत येतात. मी योगा मॅटचा जुना तुकडा गुडघ्यांखाली घेते आणि सावली पाण्यावर पडणार नाही अशी बसते. जवळ सपाट तळाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा असतो. तो पाण्यावर नुसता टेकवला की वरची लकाकी आणि लाटांची थरथर जाते, तळ आरशासारखा साफ दिसतो. पहिली तीन-चार मिनिटं खरंच काही दिसत नाही. मग एक गोगलगाईचा शंख जरा जास्तच वेगात चालायला लागतो. तो शंखातला खेकडा असतो, हर्मिट क्रॅब. मऊ, वाकडं पोट झाकायला त्याला दुसऱ्याचं घर लागतं. रिकामा शंख सापडला तर तो आधी बाहेरून पायांनी चाचपतो, उलटासुलटा करतो, तोंडात नांगी घालून आतली जागा जोखतो. पसंत पडला तर क्षणात जुन्यातून निघून नव्यात शिरतो. डोळ्याची पापणी लवली तर चुकेल इतक्यात. कधी नवं घर नापसंत होऊन पुन्हा जुन्यात जातो. हे एकदा मुलांना दाखवा, मग शंख-शिंपले गोळा करू नका असं वेगळं सांगावं लागत नाही.

खडकाला चिकटलेली पांढरी, टोकदार कवचं म्हणजे बार्नॅकल. ते खेकड्या-कोळंबीचे भाऊबंद, डोकं खाली चिकटवून आयुष्य काढणारे. पाण्याखाली असले की कवचाचं झाकण उघडतं आणि पिसासारखे पाय बाहेर येऊन तालात पाणी चाळतात. शंकूच्या टोपीसारखा लिंपेट, हाही गोगलगाईच्या कुळातलाच, भरतीत शेवाळ चरायला निघतो आणि पुष्कळ जातींत परत आपल्या ठरलेल्या जागीच येऊन बसतो. त्या जागी खडकावर त्याच्या कवचाच्या मापाची खोबण पडलेली असते. उघड्या खडकावर जेलीचा गोळा पडल्यासारखा दिसतो तो सी अॅनिमोन. तोच पाण्यात फुलासारखा उमललेला असतो.

हात मात्र लावू नका. उष्ण समुद्रातला सुबक नक्षीचा शंकूच्या आकाराचा शंख दिसला तर मुळीच नाही. कोन स्नेल विषारी भाला मारते आणि तिच्या एका जातीने माणसं मारली आहेत. ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम पॅसिफिकच्या डबक्यांत निळ्या कड्यांचा ऑक्टोपस असतो, तळहाताएवढा, आणि त्याच्या विषावर उतारा नाही. दगड उलटून बघण्याची हौसही मला पटत नाही. पोट वर करून ठेवलेल्या दगडाखालचं सगळं उन्हात मरतं, आणि परत नीट ठेवणारे फार थोडे.

पक्ष्यांसाठी उलटं गणित

खाडीच्या चिखलावर पक्षी बघायला लोक ओहोटीला जातात, कारण तेव्हा ते खात असतात. खातात खरे, पण पार पाण्याच्या कडेला, अर्ध्या कोसावर. दुर्बिणीतही ठिपके. भरती चढायला लागली की चिखल कमी होत जातो आणि तेच पक्षी तुमच्याकडे ढकलले जातात. म्हणून भरतीच्या आधीचे दोन तास. पक्षी यायच्या आधी जाऊन बसा, ऊन पाठीवर घ्या आणि उठू नका. चिखल्या, तुतवार, कुररी, कालवफोड्या, सगळे एका पट्टीवर गोळा होतात आणि वाऱ्याकडे तोंड करून एका पायावर उभे राहतात. पक्षी माना वर काढून तुमच्याकडे बघायला लागले, चालायला लागले, तर तुम्ही जास्त जवळ गेलात. थांबा, मागे व्हा. त्यांना उडवून फोटो काढणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. यातले कित्येक हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतात. २०२२ मध्ये ट्रान्समीटर लावलेला एक गॉडविट पक्षी अलास्काहून ११ दिवसांत टास्मानियाला पोहोचला, १३,५६० किलोमीटर, मध्ये कुठेही न उतरता. तेव्हा त्यांची एकेक भरारी फुकट घालवू नये. कुत्रा बरोबर असेल तर तो साखळीत.

दुर्बीण ८×४२ पुरे. दहापट मोठं दाखवणारी घेतली तर होडीत आपल्याच हाताच्या थरथरीने डोकं दुखतं.

चंद्राचं वेळापत्रक पाळणारे

मी तिथी बघते याची टर उडवणाऱ्यांना मी नालखेकड्यांचं उदाहरण देते. अमेरिकेच्या डेलावेअर उपसागरात मे-जूनमध्ये, अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला, घोड्याच्या नालासारखे हे प्राणी अंडी घालायला हजारोंनी वाळूवर येतात, आणि आर्क्टिककडे निघालेले रेड नॉट पक्षी ती अंडी खायला तिथेच थांबतात. कॅलिफोर्नियात ग्रुनियन मासे वसंत-उन्हाळ्यात अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या रात्री लाटेबरोबर चक्क वाळूवर येऊन अंडी पुरतात. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावरचे लाल खेकडे अंडी समुद्रात सोडतात ती वद्य अष्टमीच्या सुमारास, पहाटे, भरती उतरायला लागल्यावर. सूक्ष्म जीवांमुळे रात्री लाटांत उठणारी निळी चमक बघायची असेल तर अमावास्याच हवी, चांदण्यात ती फिकी पडते. सोहळा बघायला जाणार असाल तर तारीख यांची धरा, आपली रजा त्यात बसवा. रजा आधी काढून मग खेकड्यांना दोष देऊ नये.

कासवांचं मात्र तिथीपेक्षा ऋतूवर चालतं. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्येच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं, ग्रीसच्या झाकिंथोसवर आणि ऑस्ट्रेलियाच्या मॉन रेपोवर लॉगरहेड. बहुतेक ठिकाणी वनखात्याच्या किंवा प्रशिक्षित माणसांबरोबरच जाता येतं आणि तसंच जावं. मादी पाण्यातून वर येत असते तेव्हा ती सगळ्यांत बुजरी असते. पुढे गेलात, टॉर्च मारलात, की ती अंडी न घालताच परत फिरते. खड्डा खणून अंडी घालायला लागेपर्यंत लांब, खाली बसून राहायचं. मग मागच्या बाजूने, सांगतील तितकंच पुढे. पिल्लं रात्री निघतात ती उजळ क्षितिजाकडे. मोकळ्या किनाऱ्यावर ते समुद्राकडचं असतं, हॉटेलांच्या रांगेपुढे ते रस्त्याकडचं होतं. म्हणून समुद्राकडच्या खिडकीचे पडदे ओढा, फोनचा फ्लॅश बंद. पिल्लू उचलून पाण्यात सोडायची ऊर्मी आवरा.

आणि दिवसा मुलांनी वाळूचा किल्ला केला तर संध्याकाळी त्याचा खंदक बुजवा. आपल्या गुडघ्याएवढा खड्डा पिल्लाला विहीर असतो. खुर्च्या-छत्र्याही रात्री वाळूवर ठेवू नयेत.

देवमासे, डॉल्फिन आणि होडीवाले

आधी जमिनीवरून बघा. हे माझं ठाम मत आहे आणि होडीवाल्यांना ते आवडत नाही. दक्षिण आफ्रिकेत हरमॅनसच्या कड्यांवरून जून ते नोव्हेंबरात सदर्न राइट व्हेल बघता येतात, पिल्लांसकट, आणि तुमच्यामुळे कुणाला त्रास नाही. न्यूझीलंडच्या काईकोराला समुद्राची खोल दरी किनाऱ्याच्या अगदी जवळ येते, म्हणून स्पर्म व्हेल तिथे वर्षभर असतात. उंच टोक, वारा पडलेली सकाळ, सूर्य पाठीशी. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसायला लागला की दुर्बीण पिशवीत घाला, त्या फेसात काही कळत नाही. नजर पाण्यावर सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवायची. प्राणी शोधू नका, खूण शोधा: वाफेचा फवारा, सूर मारणाऱ्या सुरय पक्ष्यांची झुंबड, लाटांत मध्येच तेल सांडल्यासारखा गुळगुळीत गोल. राइट व्हेलचा फवारा इंग्रजी व्हीच्या आकाराचा दुभंगलेला असतो, स्पर्म व्हेलचा डावीकडे पुढे कललेला.

होडीने जायचंच तर ठरवताना विचारा, डॉल्फिन नाही दिसले तर? ‘दिसतातच, शंभर टक्के’ असं उत्तर आलं तर मी दुसरी होडी बघते. हमी देणाऱ्याला ती पुरी करायला पाठलाग करावा लागतो. चांगला होडीवाला कळपाच्या बाजूने, समांतर आणि हळू नेतो, समोरून आडवा जात नाही, आई-पिल्लाच्या मध्ये शिरत नाही. बऱ्याच देशांत मोठ्या देवमाशांपासून १०० मीटर अंतर ठेवायचा नियम आहे. डॉल्फिनना खेळायचं असलं तर ते आपणहून होडीच्या नाळेपाशी येतात. डुबक्या लांबल्या, दिशा सारखी बदलायला लागली, की त्यांना आपण नकोसे झालोय.

थंड किनाऱ्यांवर एकटं पडलेलं सीलचं पिल्लू दिसलं तर त्याला पाण्यात ढकलू नका. ते हरवलेलं असेलच असं नाही. आई बहुधा मासे मारायला गेलेली असते, आणि तुम्ही उभे असाल तर ती वर येणार नाही.

पाण्यात उतरताना

लाल-पिवळे दोन बावटे जिथे रोवलेत त्यांच्या मध्येच पोहायचं, तिथे जीवरक्षकांचं लक्ष असतं. नुसता लाल असेल तर उतरायचं नाही. जांभळा म्हणजे जेलीफिशसारख्या जीवांचा धोका. बावटे नसतील तर दहा मिनिटं उंचावर उभं राहून पाणी बघा. सगळीकडे लाटा फुटताहेत आणि मध्येच एक पट्टा शांत, गडद, फेस आत ओढून नेणारा दिसतो? अनोळखी माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण तिथे लाटा नसतात. ती आत ओढणारी धार, रिप करंट. तिचा वेग पट्टीच्या पोहणाऱ्यालाही भारी पडतो. सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका. ती तुम्हाला आत नेते, तळाशी नाही. उताणे तरंगा, हात वर करून बोलवा, आणि जमेल तर किनाऱ्याला समांतर पोहत धारेबाहेर पडून मग लाटांबरोबर या. दुसरं कुणी सापडलं तर तरंगणारं काहीतरी फेका. मागोमाग उडी मारणारे बरेचदा स्वतः बुडतात.

कयाक आणि पॅडलबोर्ड सकाळीच. दिवस चढला, जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि दुपारी जोर धरतो. त्याहून वाईट जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. किनाऱ्याजवळ पाणी तेव्हा तळ्यासारखं सपाट दिसतं आणि जाताना हात अजिबात दुखत नाहीत. नियम सोपा आहे, जाताना वाऱ्याच्या विरुद्ध वल्हवा म्हणजे दमल्यावर वारा घरी आणतो. लाइफ जॅकेट अंगात हवं, होडीच्या तळाशी नव्हे. हवा भरायचे बदक-मगरी तलावासाठी असतात. समुद्रावर त्या वाऱ्याबरोबर मुलांना घेऊन जातात. मोटरबोटीमागे ओढल्या जाणाऱ्या हवा भरलेल्या केळ्याबद्दल, म्हणजे बनाना बोटीबद्दल, मी बोलणार नाही, माझ्या मुलीला ते आवडतं.

उथळ, वाळूच्या तळावर पाय न उचलता घासत चाला, म्हणजे वाळूत लपलेला पाकट मासा आधीच निघून जातो. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरून दवाखाना गाठा. उन्हासाठी पूर्ण बाह्यांचा पोहायचा शर्ट घाला, मग क्रीम थोडंच लागतं. प्रवाळ असलेल्या ठिकाणी तेही बघून घ्यावं: हवाईत ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही प्रवाळाला घातक समजली जाणारी रसायनं असलेली सनस्क्रीन १ जानेवारी २०२१ पासून विकायला बंदी आहे.

वाळूवर निळा, फुग्यासारखा, दोरे लोंबणारा जीव पडलेला दिसला तर मेलेला समजून उचलू नका. तो पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर, मेल्यावरही डसतो. डसलाच तर चोळायचं नाही, वाळू घासायची नाही, गोडं पाणी नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवा, दोरे चिमट्याने काढा, मग सुमारे ४५ अंशांच्या गरम पाण्यात वीस मिनिटं. पाणी आधी मोठ्या माणसाने आपल्या हातावर ओतून बघावं, मुलाची कातडी भाजेल इतकं नको. श्वास लागला, छातीत दुखलं किंवा चेहरा सुजला तर वीस मिनिटं मोजत बसू नका, दवाखान्यात न्या. चिमटा माझ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात असतो, आणि थर्मासमध्ये गरम पाणी.